मागून लाव गं रेटा

कल्पना करा, गौरीपुढच्या सारवलेल्या अंगणात दहा-बारा बायकांची रांग उभी आहे आणि तुम्ही सर्वांत शेवटी आहात. तुमचे हात पुढच्या बाईच्या कमरेवर, तिचे तिच्या पुढचीच्या. सर्वांत पुढची बाई पाय रोवून अंग मागे टाकते, हलायचंच नाही असं ठरवून. तुम्ही उजवा पाय आपटून रेटा द्यायचा. जोर जास्त झाला तर रांग मधेच दुमडते आणि बायका एकमेकींवर कोसळतात. कमी पडला तर तिसऱ्या बाईपर्यंत जाऊन विरतो. शिवाय गाणंही तुम्हीच म्हणायचं, कितीही दम लागला तरी.

सोनुबाईला हे जमायचं, कारण गाणं तिचंच होतं आणि नाचही.

तिचं सासर कर्जत स्टेशनाजवळच्या आमच्या वाडीत, माहेर घाटावर, खंडाळ्याच्या पलीकडे. गवताचे भारे विकायला ती स्टेशनाकडे जाई. घाट चढायच्या आधी तिथे गाडीला मागून जास्तीचं इंजिन लावतात. ते रेटत रेटत गाडी वर नेतं, वर सुटतं आणि एकटंच खाली येतं. सोनुबाई भारा उतरवून ते बघत उभी राही. लग्नानंतरच्या दुसऱ्या गौरीला अंगणात बायकांना रांगेत उभं करून तिने म्हटलं:

*मागून लाव गं रेटा,*
*गाडी चढू दे घाटा.*

दहा-बारा वर्षांपूर्वीची, एकोणीसशे चोवीस-पंचवीस सालची ही गोष्ट. पुढच्या वर्षी नेरळात, चौक गावात, खालापुरात हा नाच झाला. जुने फेर मागे पडले. पाणवठ्यावर हंडे ठेवून पोरी एकमेकींना रेटू लागल्या. म्हाताऱ्या म्हणाल्या, गौरीपुढे हा काय धिंगाणा! मग त्याही रांगेत आल्या.

आणि सोनुबाई अडकली.

इकडे रीत अशी, की दुसऱ्या गावाला गौरीपुढे एखादीचा नाच हवा असेल तर तिच्या घरी सुपारी पाठवायची. सुपारी घरातली वडीलधारी बाई घेते. एकदा घेतली की परतवत नाहीत. परतवली तर गौरीलाच दारातून माघारी धाडल्यासारखं होतं. सोनुबाईची सासू अंबाबाई येईल ती सुपारी घेई. तिच्या सुनेमुळे आमच्या वाडीचं नाव कुठे कुठे पोचलं होतं. लेकीबाळी गौरीला माहेरी येत, तेव्हा सोनुबाई कुठल्या तरी परक्या अंगणात रांगेच्या शेवटी असे. अशा तीन गौरी गेल्या. एरवी भातलावणी, झोडणी, गुरं, गवत; माहेरी जाण्याची सवड सुनेला गौरीतच मिळायची.

चौथ्या वर्षी गौरी आल्या त्या दिवशी तिचा भाऊ सहदेव दारात उभा राहिला.

"मावशी, आय लई आजारी हाय. सोनीला न्यायला आलोय."

"उद्या पोशीरची सुपारी हाय," अंबाबाई म्हणाली. "गौरी बोळवल्या की ने."

"तवर आय राहील का?"

"तसं बोलू नये रं सणाचं."

सहदेव चिडला. "गौरसुदीक वर्षाला माहेरी येती. तुमची सून गौरीच्या वरची हाय का?"

"गौरीला गाणं करता येत नाय. म्हणून मोकळी हाय ती."

सोनुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मालोजी बैलाच्या शिंगाला गेरू लावत होता. तो म्हणाला, "आईला विचार."

दुसऱ्या दिवशी सहदेव बहीण आणि अंबाबाईबरोबर पोशीरला गेला. एक नाच झाला की तिला घेऊन निघायचं, असा त्याचा बेत होता. पण अंगण भरलेलं होतं. "सोनुबाय, रेटा आणलास ना गं?" "घरी ठेवून आली असंल, नवऱ्याला!" हसणं उसळलं. एक नाच झाला, तो संपता संपताच बायकांनी दुसरा लावला. सहदेव कुडाशी उभा राहून खुणावत होता. गाणं चालू असताना नाचणारीने रांग सोडायची नसते. मग तिने सांगायचं कसं? तिला एकच वाट दिसली. तिसऱ्या नाचाला तिने शब्द बदलले:

*सोडा गं बाया, सोडा हात,*
*भाऊ उभा हाय दारात.*
*आय माझी अंथरुणात.*

ती खरंच विनवत होती. अंबाबाई समोरच बसली होती; चार गावच्या बायकांदेखत तिला नाही म्हणता येणार नाही, असा सोनुबाईचा हिशेब. पण गाण्यात सांगितलेलं बायकांना गाण्यातलंच वाटलं. गौरीच्या गाण्यात सासुरवाशीण नेहमीच माहेरासाठी रडते. सर्वांत पुढची बाई, कोंडी तिचं नाव, खूश होऊन ओरडली, "नाय सोडायची!" सगळ्यांनी ते उचललं. "नाय सोडायची, नाय सोडायची!" आणि कोंडी वळत वळत मागे आली. तिने सोनुबाईची कंबर मागून धरली.

रांगेचं कडं झालं. आता शेवटी कुणीच नव्हतं. रेटा देणारीलाच मागून रेटा बसत होता, थांबायला जागा नव्हती. सोनुबाई रडत रडत ओळी म्हणत राहिली आणि बायका म्हणाल्या, काय गं हिचा गळा!

सहदेव वाट बघून एकटाच निघून गेला. आईजवळ दुसरं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गौरी बोळवून मालोजीने तिला गाडीत बसवलं. डब्यात नेरळहून चढलेल्या दोन पोरी होत्या. मागचं इंजिन लागल्याचा धक्का बसला, तशा त्या टाळ्या पिटत म्हणाल्या, "नाय सोडायची, नाय सोडायची!"

आई आदल्या संध्याकाळी गेली होती.

सुतक फिटल्यावर सहदेव तिला म्हणाला, "तुझं ते पहिलं गाणं वर कवाच आलंय. गेल्या गौरीला आय नाचली त्यावर. मागं उभी होती, रेटा द्यायला."

"माझं म्हणून?"

"इथं सगळी खालच्या बायांचं गाणं म्हणत्यात. तू बांधलंस हे मलासुदीक पोशीरलाच कळलं."

आज कडं करून नाचण्याचीच पद्धत पडली आहे. सरळ रांग कुणी लावत नाही. सोनुबाई अजून जाते, अंबाबाई अजून सुपारी घेते. पण घाटावरची कुणी बाई भेटली की सोनुबाई तिला बाजूला घेते. त्या गौरीला तू माझ्या आईच्या रांगेत होतीस का? ती काही बोलली का? लेकीचं गाणं आहे, हे तिने ओळखलं होतं का?