कपाळ मोकळं असावं

माझ्या आईचं कपाळ दोनदा पुसलं गेलं. पहिल्यांदा माझे वडील, अप्पा, गेले तेव्हा, आणि त्या वेळी पुसणाऱ्या बायका निदान रडत तरी होत्या. दुसऱ्यांदा एका माणसानं खुर्चीतून न उठता टिश्यू पेपर पुढे केला आणि म्हणाला, "आजी, ते राख-बिख पुसा आधी, मशीन घेत नाही." राख-बिख. तो शब्द मी विसरलेली नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

आईला मी अव्वा म्हणते. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे ती निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलते. रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की तीन बोटं विभूतीत टेकवायची आणि कपाळावर आडवी ओढायची, मग गळ्याला, मग दंडांना. अप्पांच्या माघारी कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, विभूती तेवढी राहिली. ती मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही, असं ती म्हणायची. आम्हीही तसंच समजत होतो.

अप्पा एका सरकारी कार्यालयात जीप चालवायचे. ते गेल्यावर अव्वाला पेन्शन सुरू झाली आणि मला त्याच कार्यालयात अनुकंपेवर नोकरी लागली. मी खरेदी शाखेत बसते. शहरातल्या पेन्शनरांचं कामही आमच्याच कार्यालयाकडे. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी सही-अंगठ्यावर भागायचं. मग चेहरा ओळखणारी यंत्रं आली, आणि त्यांच्या खरेदीची फाईल माझ्याच टेबलावरून गेली.

आमच्याकडे पुरवठादार कंपनीला कुणी कंपनी म्हणत नाही, पार्टी म्हणतात. यंत्र पार्टीचं, त्यातला प्रोग्राम पार्टीचा, शहरभरच्या केंद्रांवर बसणारी माणसं पार्टीची. सगळ्या पेन्शनरांचे चेहरेही पार्टीच्याच कुलपात, आणि किल्ली पुण्यात. करार संपत आला की साहेब मला बोलवायचे आणि म्हणायचे, "मुदतवाढीची टिप्पणी ठेवा." दुसरी पार्टी आणायची तर सगळ्यांचे चेहरे पहिल्यापासून घ्यायचे, म्हातारी माणसं पुन्हा रांगेत उभी करायची. ते डोक्यावर कोण घेणार? म्हणून मुदतवाढ. आपल्यावाचून ह्यांचं पान हलत नाही, हे पार्टीला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि त्यांच्या चालण्याबोलण्यात ते दिसायचं.

पार्टीचा मॅनेजर सोलापूरला आला की आधी अक्कलकोटला जायचा. दर्शन घेऊन, कपाळावर ठसठशीत लाल गंध लावून दुपारी आमच्या कार्यालयात. हातात प्रसादाचे पुडे, ते टेबलाटेबलावर ठेवत यायचा. मिठाईचा डबा परत करता येतो, प्रसादाला नाही म्हणता येत नाही. हे त्याला बरोबर ठाऊक होतं. माझ्याशी मात्र वागायला अगदी गोड, मॅडमशिवाय हाक नाही.

त्या वर्षी पार्टीनं यंत्रांत नवा प्रोग्राम टाकला आणि जुने चेहरे जुळेनासे झाले. अव्वासारखे कितीतरी लोक आपण आपण नाही असं ऐकून घरी परतले. दोष यंत्राचा आहे असं कबूल केलं असतं तर दुरुस्ती पार्टीच्या गळ्यात पडली असती. म्हणून दोष चेहऱ्यांचा ठरला. केंद्रांवर छापील कागद चिकटले: चेहरा स्वच्छ व कपाळ मोकळं असावं, नवीन फोटो घेण्यात येईल.

अव्वा नव्या फोटोसाठी केंद्रावर एकटीच गेली होती. काम आमच्याच कार्यालयाचं, पण माझं नाव तिनं सांगितलं नाही. संध्याकाळी मी घरी आले तर ती स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली, पदर भुवयांपर्यंत ओढलेला. घरात ती कधी पदर घेत नाही. मी विचारलं तेव्हा तशीच पाठमोरी बोलली.

"पुसायला लावलं की गं त्यानं. मागं रांग होती. लोक म्हणाले, पुसा की आजी, आमाला उशीर व्हतोय. मग पुसलं."

"आणि मग?"

"मग काय. फोटो काडला. तशीच आले. रिक्षात, बाजारातनं, सगळ्या लोकांदेकत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी केंद्रावर गेले आणि त्या माणसाला नको नको ते बोलले. तो बिचकला. "मॅडम, वरनं आलंय हे. मॅनेजर सायबांनी पाटवलंय," म्हणत त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. खाली सही होती. ती मी चांगली ओळखत होते, माझ्याच फायलींवर ती कितीदा तरी झालेली होती. त्या क्षणी केंद्रावरच्या माणसावरचा माझा राग उतरला आणि जिथं जायला हवा होता तिथं गेला. कागद मी भिंतीवरून काढून पर्समध्ये ठेवला. कुणी अडवलं नाही.

खरी गोष्ट पुढेच होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा पूजेला बसली, आणि मी दारातून बघत होते. तिनं गळ्याला विभूती लावली, दंडांना लावली, आणि हात खाली ठेवला. कपाळ तसंच.

"अव्वा, कपाळ राहिलं."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता त्या यंत्रात माजं असलंच तोंड हाय. उद्या त्यानं वळकलं न्हाई तर? अप्पांची पेन्शन हाय ती."

मी समजावलं, रागावले, शेवटी ओरडले. मी इतकं कमावते, पेन्शन गेली खड्ड्यात, असंही म्हणाले. ती म्हणाली, "तुजं तुज्यापाशी. ही त्यांची हाय." अप्पांनी मागं ठेवलेली ती एकच गोष्ट तिच्या नावावर दर महिन्याला येत होती, आणि ती हातची जाऊ नये म्हणून ही बाई रोज कपाळ रिकामं ठेवून देवापुढून उठत होती. रोज. आणि मी रोज डबा घेऊन त्याच कार्यालयात जात होते.

सूड घ्यायचा हे मी तेव्हाच ठरवलं. दुसरा सौम्य शब्द मला वापरायचा नाही. अव्वाच्या नावानं रीतसर तक्रार नोंदवली. नियमानं पाहिलं तर मग त्या फायलीपासून मी लांब राहायला हवं होतं. मी साहेबांना सांगितलंही की तक्रारदार माझी आई आहे. साहेब म्हणाले, "असू द्या, तुमच्याशिवाय ती फाईल कळते कुणाला?" पार्टीनं आम्हाला जसं स्वतःवाचून अडवून ठेवलं होतं, तसंच त्या एका फायलीपुरतं मीही कार्यालयाला अडवून ठेवलं होतं. त्याचा मला त्या दिवशी आनंद झाला.

मुदतवाढीच्या आधी खरेदी समितीपुढे यंत्राचं प्रात्यक्षिक होतं. दर वेळी मॅनेजर पार्टीतलाच एखादा माणूस यंत्रापुढे बसवायचा, हिरवी खूण यायची, सगळे माना डोलवायचे आणि चहा यायचा. त्या वर्षीही तो आला, अक्कलकोटहून, लाल गंध लावून. प्रसाद वाटला. मी घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मग म्हणाले, "सर, दर वेळी तुमची माणसं बसतात. या वेळी तुम्हीच बसा की."

समितीतले हसले. तोही हसला आणि कोट सारखा करत खुर्चीवर बसला.

मी पर्समधून रुमाल काढला, पाण्याच्या ग्लासात टोक बुडवलं आणि त्याच्यापुढे धरला. "कपाळ तेवढं पुसून घ्या."

"अहो मॅडम, दर्शन करून आलोय," तो म्हणाला. "आणि गरजच काय? आपलं यंत्र डोळे, नाक, हनुवटी बघतं. कपाळावर काय आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही."

"गंध असलं, विभूती असली, तरी चालतं?"

"काहीही असू द्या."

"हे इतिवृत्तात घेऊ?"

"घ्या की, बिनधास्त घ्या."

मी लिहून घेतलं. तो यंत्राकडे बघून बसला, हिरवी खूण आली, कुणीतरी वा म्हणालं. मग मी पर्समधला तो कागद काढला आणि वाचून दाखवला: कपाळ मोकळं असावं. खालची सही त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, "ही तुमचीच ना?"

त्याचा चेहरा पडला. मी तो मन भरून पाहिला. तो चाचरत म्हणाला की ती सूचना सर्वसाधारण होती, केंद्रावरच्या लोकांनी जास्तच ताणली. मी म्हणाले, "माझ्या आईचं कपाळ तुमच्या सहीनं पुसलं. तुमच्या कपाळाला मात्र तुम्ही माझा रुमाल लागू दिला नाही." आवाज चढला होता माझा. साहेब म्हणाले, "बसा मॅडम." मी बसले.

त्या बैठकीत पार्टी गेली असेल असं कुणाला वाटेल. गेली नाही. जाणारच नव्हती. चेहरे तिच्या कुलपात आणि किल्ली पुण्यात, समिती करून करून काय करणार? मुदतवाढ मिळाली, फक्त थोडक्या काळाची आणि अटींसकट: सगळे चेहरे दुसऱ्या कुणालाही वापरता येतील अशा रूपात कार्यालयाच्या ताब्यात द्यायचे, आणि ज्यांची कपाळं पुसायला लावली त्यांच्या घरी जाऊन, पार्टीच्या खर्चानं, त्यांना हवे तसे फोटो पुन्हा घ्यायचे. पहिली तक्रार, म्हणजे अव्वाची, मॅनेजरनं स्वतः निकाली काढायची. तक्रारदार समाधानी आहे असं तिनं सांगितल्याशिवाय पुढचं काही हलणार नव्हतं. ही शेवटची अट मी घातली. साहेबांनी वाचली आणि सही केली.

घरी सांगितलं तेव्हा अव्वानं एवढंच विचारलं, "तो सोता येनार?"

"हो, स्वतः."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

तो दुपारी आला. त्याला काय काय ऐकवायचं याची मी तयारी करून ठेवली होती, वाक्यं पाठ होती माझी. गाडी खाली लावून, यंत्राची पेटी स्वतःच उचलून तो जिना चढून आला. कपाळावर गंध होतंच. अव्वानं दार उघडलं. "कूत्को, तम्मा," म्हणत तिनं त्याला बसायला सतरंजी दाखवली. धाकट्या भावाच्या वयाच्या कुणालाही ती तम्मा म्हणते. त्याला बरं वाटलेलं दिसलं. मलाच वाईट वाटलं, ही आता ह्याला चहा पाजून माफ करणार म्हणून.

"मावशी, झालं ते झालं," तो म्हणाला. "तुम्ही अगदी छान विभूती लावून या, आपण नवीन फोटो घेऊ."

अव्वा आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात विभूतीचं भांडं होतं आणि दुसऱ्या हातात टॉवेल, टोक ओलं केलेला. टॉवेल तिनं त्याच्यापुढे धरला.

"आदी तू पूस."

तो हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. "मावशी, मी काय म्हणतो, गरज नाही त्याची. यंत्राला तसं काही..."

"यंत्राला न्हाय," अव्वा म्हणाली. "मला हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सांगा ना जरा." माझी पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली होती. मला वाटायचं, सूड माझा आहे, ती बिचारी सोसतेय. इतके महिने कोऱ्या कपाळानं ती नुसती सोसत नव्हती, वाट बघत होती, हे तेव्हा कळलं.

ती हात लांब करून तशीच उभी. टॉवेलातून सतरंजीवर पाणी ठिबकत होतं. शेवटी त्यानं तो घेतला आणि डोळे मिटून गंध पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, दुसऱ्यांदा पुसावं लागलं. टॉवेलावर लाल डाग पडला.

मग अव्वा यंत्रापुढे बसली. तीन बोटं विभूतीत टेकवली आणि सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कपाळावर ओढली. मी किती दिवसांनी ते बघत होते. फोटो निघाला, मग ओळख तपासली, हिरवी खूण आली. "आयतु?" तिनं विचारलं. झालं, म्हणून त्यानं मान हलवली.

जाताना दारात तो घुटमळला. देवघराकडे बघून हळूच म्हणाला, "मावशी, जरा कुंकवाचं बोट..."

"न्हाय," अव्वा म्हणाली. "मी आले ना तशीच, रिक्षात, बाजारातनं. तूबी बाजारातनंच जा. आन् गाडीच्या काचा खाली ठिव."

तो उतरला. आम्ही दोघी गॅलरीत येऊन उभ्या राहिलो. त्यानं गाडीत बसून वर पाहिलं, अव्वा कठड्याला धरून बघतच होती, विभूती अजून ओलसर. तिनं समाधानी आहे म्हणून अजून काही सांगितलेलं नव्हतं. काच खाली गेली. गाडी बाजाराच्या बाजूला वळली, आणि दिसेनाशी होईपर्यंत काच खालीच होती.