गार गादी

प्रसूती विभागातल्या मोठ्या सिस्टरना सगळे 'गादीवाल्या' म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवे डॉक्टरसुद्धा वॉर्डात शिरण्याआधी त्यांचा पारा किती चढलाय, ते हळूच विचारून घेत. गादी होती पाटाएवढी, नळीने एका छोट्या यंत्राला जोडलेली. यंत्र तिच्यातून गार पाणी फिरवतं आणि जन्माआधीच गेलेलं बाळ तिच्यावर एक-दोन दिवस आईबापांजवळ घरी राहू शकतं. ही एक गादी मिळवायला सिस्टरनी साहेबांचे उंबरठे झिजवले होते.

त्याला कारण होतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा असं बाळ कापडात गुंडाळून आईच्या नजरेआड करायची रीत होती. "बघू नका, त्रास होईल," असं त्याही पढवल्यासारख्या म्हणत. मग अकरा वर्षांनी एका दुकानात कुणा बाईने त्यांचा हात धरला. "सिस्टर, माझ्या बाळाचे केस कसे होते हो?" सिस्टरना काही केल्या आठवेना. त्या दिवशी त्या सामान न घेताच घरी आल्या आणि खूप रडल्या. तेव्हापासून त्यांच्या खिशात एक वही असते. प्रत्येक बाळाचे केस, नखं, खळी, सगळं त्यात लिहिलेलं.

परवा एका रंगाऱ्याच्या बायकोचं बाळ पोटातच गेलं. मुलगा. ती एवढंच म्हणाली, "याच्या ताईने याला बघायला हवं." ताई सहा वर्षांची, लांब मावशीकडे गेलेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पोचणार होती. सिस्टरनी रंगाऱ्याच्या घरी जाऊन गादी मांडली आणि त्याला बजावलं: खिडकी उघडी ठेवायची, अंगावर पातळ दुपटं, बटणाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या गेल्या, तर यंत्र गप्प. खिडकी बंद. बाळ रजईत, डोक्याला कानटोपी.

"बटण कुणी बंद केलं?"

"मी," रंगारी म्हणाला. "पहाटे त्याचा हात धरला. इतका गार होता, सिस्टर. मला बघवेना."

सिस्टरनी आजवर पुष्कळ बापांना झापलं होतं. पण लेकराला पांघरूण घातलं म्हणून बापाला काय बोलायचं? त्यांनी हलकेच रजई बाजूला केली.

यंत्र चालू केलं, तरी गादी पुरती गार व्हायला दुपार होणार. तोवर बर्फ हवा होता, आणि घरात होता एक ट्रे. पाचपर्यंत बाळ नीट राहील की नाही, या विचाराने आईचा चेहरा पांढरा पडला.

"शेजारीपाजारी आहेत ना?"

"कालपासून कुणी दार वाजवलं नाही," रंगारी म्हणाला.

"मग तुम्ही त्यांचं वाजवा."

"काय सांगू?"

"खरं ते. बाळासाठी बर्फ हवाय."

तो रंगाची धुतलेली बादली घेऊन निघाला. वरच्या मजल्यावरचा प्लंबर अख्खा फ्रीजरचा कप्पाच उपसून घेऊन आला. कालपासून मान खाली घालून जिना उतरणाऱ्या शिवणवाल्या मावशी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून आले नाही," त्या म्हणाल्या. "बघू का त्याला? नाव काय ठेवलंत?"

रंगाऱ्याने नाव सांगितलं. मग पुढच्या माणसालाही सांगितलं, न विचारता.

बर्फ अंगाला थेट लागता कामा नये, म्हणून पिशव्या मोज्यांत भरायच्या होत्या. तासाभरात अख्ख्या इमारतीचे मोजे जमले. एकाला अंगठ्याशी भोक होतं. तो कुणाचा, ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही.

पाचला ताई आली. बाळ छान दिसत होतं.

"झोपलाय?"

"नाही गं राणी," आई म्हणाली. "तो गेला. आता उठणार नाही."

ताईने एक मोजा चाचपून पाहिला. "मग एवढे मोजे कशाला?"

"त्याला गार ठेवायला," बाप म्हणाला. त्याने बाळाला उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि खालून आपला हात धरला. तिने कानटोपी काढली आणि डोक्यावरून बोट फिरवलं.

"आई, याला भोवरा आहे. माझ्यासारखा."

आई वाकून बघू लागली. तिला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. सिस्टरचेही डोळे भरून आले. सवयीने त्यांनी वही काढली: केस काळे, दाट, मागे डावीकडे...

"नका लिहू, सिस्टर," आई म्हणाली. "आम्हाला आठवेल."

सिस्टरनी वही मिटून खिशात टाकली आणि त्याही भोवरा बघायला वाकल्या.