रिकाम्या जहाजावरचा खोकला

मी इथे तीन-चार वर्षं नुसती वाचते, लिहीत कधी नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक अनुभव वाचून मनात म्हणायचे, झोप कमी झाली असेल. अशा गोष्टी मी मानत नव्हते. आता मानते का... तेही माहीत नाही. शाळा पूर्ण इंग्लिश मीडियम, मराठी फक्त घरातलं. चुका सांभाळून घ्या.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला राहतो, क्वार्टर आईच्या नोकरीचं. मी नोएडात एका छोट्या स्टुडिओत आहे. आम्ही म्युझियमसाठी व्हर्च्युअल टूर बनवतो. गेल्या वर्षी एक जुनी युद्धनौका आली – युरोपातली, पूर्ण लाकडी, वाफेचं इंजिन असलेली आणि शिडंही असलेली. आता ती गोदीत जपून ठेवली आहे. वारा चांगला असला की तिचं धुराडं खाली घ्यायचे, पाण्यातला पंखा वर उचलायचे आणि शिडांवर चालायचे, कोळसा वाचवायला. खालच्या डेकवर तोफांच्या मधे जेवायची टेबलं, त्याच जागेत झोपायला कापडी झोळ्या, एकमेकींना खेटून टांगलेल्या.

बाबा पंधरा वर्षं नौदलात होते. हा प्रोजेक्ट आला तेव्हा ते हॉस्पिटलमध्ये होते. म्हणाले, "कसलं जहाज आहे गं? एखादा फोटो दाखव ना."

मी म्हटलं, "कॉन्फिडेन्शियल आहे बाबा. लाँच झाल्यावर दाखवते."

"अच्छा. सीक्रेट मिशन," ते म्हणाले. मग सिस्टरला हिंदीत सांगितलं, "मॅडम बहुत बड़ी ऑफिसर हैं, बाप को भी नहीं बतातीं." सिस्टर हसली. मला नेहमीसारखं लाजल्यासारखं झालं, मी खिडकीकडे बघत बसले. अकरा दिवसांनी बाबा गेले. फोटो तेव्हाही माझ्या फोनमध्ये होता.

दोन महिन्यांनी त्या जहाजावरच्या आवाजांच्या फाइल्स आल्या. टूर बघताना मागे ऐकू यावा म्हणून प्रत्येक डेकवरचा आवाज रेकॉर्ड केलेला असतो. आमचा नियम असा की त्यात आजचा माणूस ऐकू येता कामा नये. पावलं, खोकला, मोबाइल, सगळं वेळेसकट यादीत लिहायचं. रविवारी ऑफिसचं मशीन ती यादी घेऊन सगळ्या फाइल्स आपोआप साफ करतं. मी शुक्रवारी हेडफोन लावून खालच्या डेकची यादी केली.

शनिवारी सकाळी घरून ऑफिसच्या सर्व्हरवरची तीच फाइल एकदा तपासत होते. हेडफोन चार्ज नव्हता, म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवर लावलं. लाकडाची करकर... मग दोन ठोके. ठक-ठक. मग कोणीतरी घसा साफ केला.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आलात का? हात धुवून घ्या, पोळ्या होताहेत."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. दोन मिनिटांनी आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

बाबा कुठल्याही खोलीत शिरताना चौकटीच्या वर दोन ठोके मारायचे आणि मग घसा साफ करायचे. जहाजातली दारं बुटकी, डोकं आपटू नये म्हणून हात आधी वर जातो. नोकरी सुटली तरी हात जातच राहिला. लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करतात.

"परत लाव," आई म्हणाली.

आम्ही ते चार वेळा ऐकलं. बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. ते व्हॉइस मेसेज पाठवायचे नाहीत, "ओके" टाइप करायचे. आई म्हणाली, "हे ठेव हं. पुसू नकोस." मी म्हटलं, ठेवते. लगेच फाइल माझ्या फोल्डरमध्ये टाकली.

सोमवारी ऑफिसमध्ये उघडली. करकर होती, ठोके नव्हते. घाईत मी फाइलची कॉपी न करता शॉर्टकट ठेवला होता. मूळ फाइल मशीनने रविवारी साफ केली होती, आणि शॉर्टकट आता तीच साफ फाइल उघडत होता. यादी काढून बघितली. माझीच नोंद: सात मिनिटं बेचाळीस सेकंद, दोन ठोके, खोकला, काढणे. शुक्रवारी मी तो आवाज नीट ऐकला होता, आणि ओळखला नव्हता.

म्युझियमकडून ओरिजिनल पुन्हा मागवली. तीच फाइल, तेवढीच लांबी. त्या जागी फक्त लाकूड वाजत होतं. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी लिहिलं की त्या दिवशी जहाज बंद होतं, रेकॉर्डर डेकवर ठेवून ते जहाजावरून खाली उतरले होते, आणि वर कोणीही नव्हतं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सिमरनला यादी दाखवली. ती म्हणाली, "यार, लकड़ी है, बोलती रहती है." मग माझा चेहरा बघून चहा घेऊन आली.

आईला सांगायला मला आठ दिवस लागले. ती रोज संध्याकाळी विचारायची, "आणलंस का गं?" मी म्हणायचे, ऑफिसमधून बाहेर काढायला परमिशन लागते. शेवटी एका रविवारी दुपारी सांगून टाकलं – मीच काढून टाकायला लिहिलं होतं, मीच नीट ठेवलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती कपड्यांच्या घड्या करत राहिली.

मग मी लॅपटॉप आणला आणि लाँच व्हायच्या आधीच तिला अख्खं जहाज दाखवलं. धुराडं, झोळ्या, तोफांमधली टेबलं. खालच्या डेकच्या बुटक्या दारापाशी आई म्हणाली, "इथे थांब जरा." आम्ही थांबलो.

मला यातलं काहीच समजावून सांगता येत नाही. मी ऐकलं, आईने ऐकलं, यादीत नोंद आहे, आणि आवाज कुठेच नाही. तुमच्यापैकी कोणी म्हणेल आम्ही दुःखात होतो. होतोच. पण शुक्रवारी मी फक्त काम करत होते.

आईने त्या दिवशी एकच विचारलं. पडद्यावरून नजर न काढता.

"मी हात धुवा म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं असेल का गं?"