नानांची अर्धी प्रार्थना

धुळ्याच्या मिशन दवाखान्यातल्या आम्ही जुन्या नर्सेस कुठेही भेटलो, की चहा येण्याआधी किस्से सुरू होतात. दवाखान्यात माणसं बरी होऊन घरी जातात, किस्से मात्र तिथेच साचत राहतात! त्यातले निम्मे याकोबनानांचे. हसत हसत सुरू करतो, आणि शेवटी कुणाचा तरी चहा तसाच गार होतो.

नाना दवाखान्याचे उपदेशक. रोज सकाळी वॉर्डात फिरायचे, प्रत्येक कॉटशी थांबून प्रार्थना करायचे. शेवटी ठरलेलं सांगणं, "काळजी सोडा. प्रभूच्या हाती द्या."

*

एकदा भडगावकडचा एक शेतकरी आईला पोटाच्या ऑपरेशनसाठी घेऊन आला. रडत होता. नानांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "देवावर सोडून दे." दुपारी बघतो तर आई एकटी, मुलगा गायब! ऑपरेशन झालं, म्हातारी उठून बसली, तेव्हा हा हसत हजर.

नाना भडकले. "अरे, आईला टाकून गेलास कुठे?"

"तुम्हीनच सांगं ना, देववर सोडी दे! सोडी दिधं, घर निंघी गऊ!"

नानांची बायको रूथअक्का दवाखान्याचं स्वयंपाकघर सांभाळायची. ती दारातूनच म्हणाली, "तुमचं एवढं ऐकणारा हा पहिलाच!"

*

स्वतः नानांना मात्र काही म्हणता काही सोडवत नसे. उपासना संपली की चर्चचं कुलूप लावायचे, चार पावलं जायचे, परत येऊन ओढून बघायचे.

अक्का म्हणायची, "अहो, प्रभूचं घर प्रभू सांभाळेल."

"सांभाळेल गं. पण कुलूप ओढून बघायला तो येणार आहे का?"

*

त्यांची एकुलती एक मुलगी मार्था. माझ्याच बॅचची नर्स. टी. बी. वॉर्डात ड्यूटी करता करता तिलाच खोकला लागला. एक्स-रे बघून डॉक्टरांनी तिला त्याच वॉर्डात दाखल केलं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. थोडं अंग धरलं तिनं, वेणी घालून व्हरांड्यात बसायला लागली. मग पुन्हा ताप चढला आणि उतरेचना.

त्या दिवसांतली सकाळची प्रार्थना. सगळा स्टाफ डोळे मिटून उभा. नाना मार्थासाठी मागत होते. तिला उठव, तिला श्वास दे, तिचा ताप उतरव. शेवटी नेहमीचं वाक्य यायचं होतं, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." ते येईचना. आम्ही मिटल्या डोळ्यांनी वाट बघतोय. कुणीतरी खाकरलं. शेवटी मागून अक्काच मोठ्यानं म्हणाली, "आमेन!"

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, "नाना, प्रार्थना अर्धीच राहिली?"

"ते वाक्य म्हटलं," नाना म्हणाले, "तर तो खरं धरेल!"

*

मार्थाच्या कॉटशी ते तिचा हात धरून बसायचे. घामानं दोघांचे हात ओले व्हायचे, तरी सोडायचे नाहीत. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, हात सोडा ना."

नानांनी हात आणखी घट्ट धरला. "का गं? असं का म्हणतेस?"

"अहो, कूस बदलायचीय!"

आम्ही दोघी नर्सेस हसलो. मार्थाही हसली, आणि खोकत राहिली. ती वळली तसे नाना स्टूल उचलून पलीकडच्या बाजूला गेले आणि तिचा दुसरा हात धरला.

*

मार्था गेली. कबरस्तानातून परतल्यावर चर्चचे पाळकसाहेब अक्काजवळ बसले. "अक्का, लेकरू देवाचंच होतं. ज्याचं त्याला देऊन टाकायला शिकलं पाहिजे."

अक्कानं डोळे पुसले नाहीत. "साहेब, तुमच्या चारही मुली आज जेवायला बसतील. तुम्ही उद्या या."

पाळकसाहेब उठले. दुसऱ्या दिवशी खरंच आले, आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसले.

*

पाळकसाहेब आले त्याच सकाळी नाना वॉर्डात आले. हातात नेहमीचं बायबल नव्हतं. नुसते कॉटींमधून चालत होते.

कोपऱ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची एक म्हातारी पडून होती. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, हलायची मनाई. नाना रोज तिच्या कॉटशी उभं राहून प्रभूबद्दल बोलत आले होते, अलीकडे मार्थाच्या तापाबद्दलही. तिनं पावलं ओळखली.

"कोन? नाना शे का?"

"हो, आजी."

"तुन्ही पोर कशी शे?"

मी औषधाचा ट्रे घेऊन तिथेच उभी राहिले. नाना म्हणाले, "गेली, आजी. मी नाही सोडली. त्यानंच काढून घेतली."

चाचपडत म्हातारीनं त्यांचं मनगट शोधलं आणि त्यांना कॉटवर बसवून घेतलं.

"तू आज नको बोलू," ती म्हणाली. "मी सांगस त्याले. तुन्हा देवनं नाव काय शे?"

नाना तिच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी नाव सांगितलं.