दाद न देणारे जंतू

आमच्या लॅबमध्ये जंतू वाढवून तपासून झालेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून निर्जंतुक करतात. किस्स्यांसाठी तशी काही सोय नाही, त्यामुळे ते साठत जातात. नगरच्या एका हॉस्पिटलातल्या या खोलीत मी टेक्निशियन आहे. समोर मायक्रोस्कोप आणि शेजारी मॅडम, म्हणजे आमच्या जंतुतज्ज्ञ डॉक्टर.

रुजू झालो त्या दिवशी मॅडमनी माझं बोट रक्त घातलेल्या लालभडक प्लेटवर टेकवायला लावलं. हात धुतलेत, असं मी ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठशाच्या जागी सोनेरी ठिपके उगवले होते.

"स्टॅफ नावाचे जंतू. तुझेच आहेत, घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या.

मी घाबरलो नव्हतो. इतकं देखणं काहीतरी माझ्या अंगावर राहतं, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

*

पाथर्डीकडच्या मंदाबाई ऊसतोडीला गेल्या असताना कोयता नडगीवर बसला आणि जखम चिघळली. पू थांबला नाही तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल, असं सर्जनसरांनी सांगितलं होतं.

त्यांचा पू मी प्लेटवर पसरला आणि वर औषधांच्या चकत्या ठेवल्या. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. सकाळी पाहतो तर स्टॅफचेच जंतू, चकत्यांना खेटून उगवलेले. एकेका औषधासाठी माणसांनी किती वर्षं घातली असतील, आणि यांना त्याची पर्वाच नाही! मी थक्क होऊन वॉर्डच्या शिंदे सिस्टरना बोलावून आणलं.

त्या प्लेटवर वाकल्या. "हे तर चकतीची उशी करून झोपलेत," म्हणाल्या.

एकाच चकतीभोवती गोल होता. मंदाबाईंच्या पायाची सगळी भिस्त आता त्या औषधावर होती.

*

रिपोर्ट न्यायला त्यांचे मालक भगवानराव आले. औषध चालत असेल तर आम्ही पुढे एस छापतो, चालत नसेल तर आर. भगवानरावांनी बोट फिरवत आर मोजले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"लई राईट आलं की! पोरीच्या वहीत बाई बरोबरला आरच करत्यात."

मला हसू फुटणार होतं. पण मॅडम त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या आणि खरं काय ते त्यांनी हळूहळू सांगितलं. तेव्हापासून आमच्या रिपोर्टवर आरपुढे मराठीत लिहिलेलं असतं: दाद देत नाही.

*

वॉर्डात आणखी दोघांच्या जखमांत तसलेच जंतू निघाले. ते एकाच ठिकाणाहून पसरत असावेत, अशी मॅडमना शंका आली. स्टॅफ नाकात मुक्काम ठोकतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून सगळ्या स्टाफची नाकं तपासायचं ठरलं. सर्जनसर भडकले, माझ्या नाकावर संशय घेता का म्हणून.

"सर, नाक तुमचंच आहे. आम्ही भाडेकरूंची चौकशी करतोय," मॅडम म्हणाल्या.

सरांनी मुकाट्यानं मान वर केली. त्यांच्या नाकात काही निघालं नाही, हे ते अजून सगळ्यांना सांगतात.

*

नमुने जनुकीय तपासणीसाठी पुण्याला गेले. रिपोर्टवर नावं नव्हती, नुसते नंबर. तिन्ही जखमा आणि एक नाक, यांतले जंतू एकाच वंशाचे निघाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचाही वंश असा कागदावर उतरून येतो, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

मॅडमनी रजिस्टरमध्ये नंबर शोधला आणि चष्मा काढून ठेवला. नाक शिंदे सिस्टरांचं होतं. मंदाबाईंची पट्टी रोज त्याच बांधत.

सिस्टर वॉर्डपासून लांब राहिल्या, नाकात मलम घातलं, पुन्हा पुन्हा तपासण्या दिल्या. इकडे त्या एका औषधानं मंदाबाईंची जखम भरत आली आणि पाय वाचला.

नाक स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आल्यावर सिस्टर वॉर्डात आल्या, त्या सरळ मंदाबाईंकडेच. मी नमुना घ्यायला तिथंच होतो. सिस्टरांनी काही लपवलं नाही. तुमच्या जखमेतले आणि माझ्या नाकातले जंतू एकाच वंशाचे आहेत, माझ्याकडूनच ते तुम्हाला लागले असावेत, एवढं सांगून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.



"एकाच वंशाचं? म्हंजी तुमी आमच्या भावकीतल्याच की," मंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय पुढं केला. "बांदा आता पट्टी. त्या दुसऱ्या सिस्टर लई सैल बांदत्यात."