एकटीनं घडवलेले चाकू

तुळजापूरच्या एस.टी. स्टँडवर माझ्या जुन्या गावचा एक माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "बाई, सोजरमावशी गेल्या की. महिना होत आला." मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? मावशींना मूलबाळ नव्हतं आणि मी त्यांची कुणीच लागत नव्हते... शेजारीण होते, एवढंच.

बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गजवळच्या त्या खेड्यात मी शिक्षिका म्हणून हजर झाले. आमचं घर बौद्ध. गावात खोली मिळेना. सोजरमावशींनी आपल्या भट्टीशेजारची खोली झाडून दिली. "आवाजाचा तरास हुईल बगा, बाकी काय न्हाय," एवढंच म्हणाल्या. त्यांचे मालक धोंडिबा तापलेलं लोखंड सांडशीत धरत आणि मावशी घण घालत. कामात दोघं बोलत नसत. धोंडिबांनी हातोडीनं जागा दाखवायची, नेमका तिथंच घण पडायचा. हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या मोडक्या कमानपाट्यांतून त्यांचे विळे-कोयते घडत. त्या वर्षी शेतंच उजाड, विळा घेणार कोण? दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथंच एका दुपारी ऊन लागून धोंडिबा गेले.

पुढं पाऊसपाणी झालं, सहकारी कारखाना उभा राहिला. ऊसतोडीच्या मुकादमानं मावशींकडं चाळीस कोयते मागितले. मावशींनी हो म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कोयत्याला दोन माणसं लागत्यात, बाई. म्या घण घालीन. धरंल कोण?"

"मी धरते," मी म्हणाले.

शाळा सुटल्यावर आम्ही भट्टीपाशी बसू लागलो. पहिल्याच घावाला माझे डोळे मिटले, सांडशी हलली... पाच-सहा दिवसांत एक कोयता झाला, तोही वाकडा. मावशींनी तो उजेडात धरून पाहिला. "तुमी लई झटलात. पर मला सारखं वाटायलंय, म्होरं त्येच बसल्यात. आन् मान वर केली की तुमी." दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. मला तेव्हा राग आला होता की वाईट वाटलं होतं, अजून सांगता येत नाही.

त्यानंतर मावशी फक्त चाकू घडवू लागल्या. एका हातात सांडशी, दुसऱ्यात लहान हातोडी. एकट्या माणसाला पेलेल एवढंच लोखंड. पाणी देऊन कडक केलेलं पातं पुन्हा हलकं तापवायच्या आणि त्यावर कडब्यासारखा पिवळा रंग चढला की चटकन बाजूला काढायच्या. त्या क्षणी त्यांना हाक मारलेली चालत नसे. मग बाभळीची मूठ. नळदुर्गच्या बाजारात लोक त्यांचाच चाकू मागून घेत.

माझी बदली झाली. दर सुट्टीत येईन म्हणाले होते. आठ वर्षांत दोनदा गेले.

परवा गेले तेव्हा घराला कुलूप होतं. ऐरण पुतण्यानं नेली होती. समोरच्या काशीबाईंनी फडक्यात गुंडाळलेलं एक पातं आणून हातात दिलं. मूठ नसलेलं.

"मूठ बसवायला दुसऱ्याचा हात लागतोय, बाई आल्या की बसवू, म्हणायच्या. दोन वर्सं तसंच ठिवलं हुतं."

इतक्या चाकूंना मावशींनी एकटीनंच मुठी बसवल्या होत्या. काशीबाईंना ते ठाऊक होतं, मलाही. मी पातं पुन्हा फडक्यात गुंडाळलं.

पातं आता माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. सकाळी पुसते, गंजू नये म्हणून तेलाचं बोट फिरवते, आणि पुन्हा तसंच ठेवते.