अरारच्या झाडाखाली तीन हाका

आधीच सांगते, या फोरमवरचे निम्मे किस्से मी हसण्यासाठी वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्या... आणि अनुभव नेहमी मावसभावाच्या मित्राला आलेला! असल्या थोतांडावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही. पण घडलं ते घडलं, म्हणून लिहितेय.

२००६-०७ च्या सुमारास आम्ही रियाधला होतो. नवरा महेश बँकेत आयटीला. बँकेचे सर्व्हर सांभाळणारा माणूस, पण पहिल्या हाकेला ओ देणार नाही! सासूबाई राजापूरकडच्या. त्यांनी लहानपणीच त्याच्या डोक्यात भरवलेलं — भूत एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच, तेव्हाच ओ द्यायची. म्हणजे गॅस संपला, तीन हाका. पोर पडलं, तीन हाका. लग्न झाल्यापासून मी घसा फोडत होते.

ईदच्या सुट्टीत गाडीने अभाच्या डोंगरात गेलो. वाटेत पेट्रोल पंपावर पुन्हा तेच, साहेब ढिम्म. मी तिथेच सुनावलं, यापुढे एकच हाक मारीन, आलास तर आलास. तो हसला. बावळट.

सौदीत जंगल आहे म्हणून लोकांनी केवढं कौतुक केलं होतं! बघते तर अर्धं उभ्या उभ्या वाळलेलं. जुनिपरची झाडं, तिकडे अरार म्हणतात. शेंड्यापासून खाली तपकिरी होत आलेली. साल हाताने सुटत होती आणि खाली किड्यांनी पोखरून नुसता भुसा केला होता. आमची सई म्हणाली, "मम्मा, इट्स ऑल पावडर!" एवढं आठ वर्षांच्या पोरीला कळलं. महेशने मात्र त्यातलंच सगळ्यात मोठं, मेलेलं झाड निवडलं, चटई टाकली आणि आडवा झाला. म्हणे इथे निवांत वाटतं. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय.

सई आणि मी गाडीपाशी डबा उघडला. मी ठरवलेलं, हाक मारायचीच नाही. भूक लागली की येईल. मी पराठ्याचा मोठा घास घेतला आणि सहज तिकडे बघितलं, तर महेश उठला होता. एकाच पायात चप्पल, तोंड वाकडं करून आमच्याकडे येत होता. अर्ध्या वाटेवर असेल... वारा नाही, काही नाही, मागे ते झाड कडाडलं आणि आडवं झालं. थेट चटईवर. चटई दिसेनाशीच झाली.

 महेश वळून बघत, पांढराफटक पडून म्हणाला, "बरं झालं ओरडलीस."

"महेश, मी एकदाही हाक मारली नाही."

त्याला आधी चेष्टाच वाटली. मग सांगायला लागला. एकदा महेश, मग अरे महेश, मग महेश ऊठ. माझाच आवाज, चिडलेला. सई मला चिकटून बसली होती, तिने काहीच ऐकलं नव्हतं. आसपास माणूस नव्हता. दरीच्या बाजूला माकडं होती, आणि आता कोणी तरी शहाणा लिहीलच की माकडं ओरडली असतील. लिहा. माकडाला माझ्या नवऱ्याचं नाव कोणी सांगितलं तेही लिहा.

झाड का पडलं ते कळतं, किड्यांनी खाल्लं. आवाजाचं काय?

सासूबाईंना फोनवर मुद्दाम कोंडीत पकडलं. म्हटलं, तुमच्याच नियमाने तीन हाका म्हणजे माणूस, मग सांगा कोण होतं?  त्या म्हणाल्या, "मग तूच गो."

मीच? माझ्या तोंडात पराठा होता हो!  

तेव्हापासून महेश माझ्या पहिल्याच हाकेला ओ देतो. एवढी वर्षं हेच तर हवं होतं मला. पण पहिली हाक माझ्या आवाजात दुसऱ्याच कोणी मारली तर? परवा शेवटी ओरडलेच त्याच्यावर, "गाढवा, तिसरीपर्यंत थांबत जा!"